मदत हवी आहे: अंतराळवीरांच्या पोटातले जिवाणू

नमस्कार मंडळी, लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने स्कॉट आणि मार्क केली या अमेरिकी अंतराळवीर भावांचा विषय घेतलाय. स्कॉट २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळस्थानकात, जुळा भाऊ मार्क जमिनीवर. स्कॉटच्या आतड्यातल्या फर्मिक्यूट्स आणि बॅक्टेरॉइडीट्स या जिवाणूगटांचं आपसातलं प्रमाण वर गेल्यावर बदललं, परतल्यावर पुन्हा पूर्ववत झालं! कार्डशीटवर दोन भाऊ काढून झालेत, पोटांत रंगीत टिकल्याही चिकटवल्यात. पण गाडी एका प्रश्नावर अडलीय: हा बदल पाकिटबंद जेवणामुळे, की वजनरहित अवस्थेमुळे? दोन्ही वेगळं कसं काढतात? सूक्ष्मजीवशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया सोप्या मराठीत समजावून सांगा. शनिवारपर्यंत तक्ता पूर्ण करायचाय, आणि तिला उत्तर पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय.