आंधळा आहे म्हणून मायनस कशाला?

टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमबद्दल वर कोणीतरी म्हटलंय की गुहेतला राक्षसी पक्षी आंधळा आहे तर त्याच्या प्रत्येक हल्ल्याला मायनस द्या (फाशाच्या आकड्यातून वजा करा), मला नाही पटत. आपल्या सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला रॉक्स बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या (स्विफ्टलेट पक्षी) आहेत ना, त्या अंधारात टिकटिक करत तिच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखत उडतात आणि ती टिकटिक माणसालाही ऐकू येते. मग पक्षी दिसायच्या आधी प्लेयर्सना टिकटिक ऐकवा, जवळ आला की फास्ट (डीएमने म्हणजे गेम चालवणाऱ्याने टेबलावर पेन वाजवायचं, जाम टरकतात!). गुहा समुद्राकाठीच ठेवा, भरतीला लाटांच्या दणक्यात त्याला काही कळणार नाही, पण पार्टीची म्हणजे प्लेयर्सच्या टोळीची बाहेर पडायची वाटसुद्धा तेव्हाच पाण्याखाली. लूट म्हणून लाळेने चिकटवलेलं घरटं द्या, खऱ्या घरट्यांचीसुद्धा चोरी झालीये तिकडे.