चर्चा: आतड्यातल्या हार्मोननं पॅनक्रिया (स्वादुपिंड) पुन्हा वाढते का?

वऱ्हाडी_पोट्टा
भाऊ लोकहो, आमच्या बाबाची शुगर जुनी हाय, इन्सुलिन चालू हाय, आता डॉक्टर सेमाग्लुटाइड घ्या म्हणून राहिले. हे आतड्यातल्या जीएलपी-१ हार्मोनची नक्कल. अन् उंदरात या हार्मोननं इन्सुलिनवाल्या बीटा पेशी वाढल्या म्हणे! म्हणजे पॅनक्रिया नवी उगवते, इन्सुलिन सुटलंच समजा. काहून कोणी बोलत नाई यावर?

कोंबडीवाला_वाशीम
कारण तसं होत नाई बाप्पा. आमच्या इकडे एकानं सोयाबीनचे भाव पडले म्हणून घरचं कच्चंच भरडून कोंबडीच्या पिल्लाइले घातलं, पिल्लं काही वाढेनात, एक चिरून पाह्यलं तं आतड्याच्या दुमडीत पॅनक्रियाची फिक्कट पट्टी असते नं, ते भल्ली जाड झालेली. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर पाचक रस अडवते. उंदरात तं हे पक्कं सिद्ध हाय, रस कमी पडला समजून आतडं सीसीके हार्मोन सोडतच राह्यते अन् पॅनक्रिया फुगते. पण फुगला तो पाचक रसाचा भाग, इन्सुलिनचा नाई! बाबाले काय फायदा?

फार्मसीवाली_वर्धा
दादा, सीसीके अन् जीएलपी-१ एकाच तागडीत कशाला? माणसाच्या पाचक रसवाल्या पेशींवर सीसीकेचे रिसेप्टर (हार्मोनचा निरोप घेणाऱ्या जागा) तसेही कमीच, तिथं बरंचसं काम नसांमार्फत होते. जीएलपी-१ शुगर वाढली तरच इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून चांगलं. या जातीचं पहिलं औषध, एक्सेनाटाइड, 2005 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याचं मूळ गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलं (आपल्याकडं घोरपडीचं तेल विकणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये).

वऱ्हाडी_पोट्टा
ते ठीक, पण पेशी वाढते का नाई ते सांगा नं ताई

कोंबडीवाला_वाशीम
तान्ह्या लेकरात वाढते, मोठ्या माणसात बीटा पेशीचं दुभाजन जवळपास बंदच. इंजेक्शन सोडलं का शुगर परत चढते, उगवली असती तं चढली असती का?

फार्मसीवाली_वर्धा
चढते, मान्य. म्हणून औषध फालतू होते का? उरलेल्या पेशींवरचा ताण कमी झाला, वजन उतरलं, हे काय कमी आहे? फक्त इन्सुलिन मनानं बंद करू नका. आधी डॉक्टरला विचारून सी-पेप्टाइडची रक्ततपासणी करा, बाबांची पॅनक्रिया अजून किती इन्सुलिन बनवते याचा अंदाज येते.

वऱ्हाडी_पोट्टा
ते तालुक्याले होते का नागपूरलेच जा लागते?