गे पात्रांच्या कादंबऱ्या लिहितो, ओळख करून देतोय आणि एक प्रश्न

शाईबोट: नमस्कार मंडळी, मी गे आहे, कथा-कादंबऱ्या लिहितो. पहिल्या कादंबरीत दोन म्हातारे आहेत, अख्खा संसार सोबत केलेला, आणि एकजण आयसीयूत गेल्यावर दुसऱ्याला दारातच विचारतात तुम्ही पेशंटचे कोण, तर तो फॉर्मवर आधी 'मित्र' लिहितो मग खोडतो, तिथून गोष्ट सुरू होते. दुसरी सरळ रहस्यकथा, डिटेक्टिव्ह गे आहे इतकंच. कथा बहुतेक प्रेमाच्या, थोड्या चावट. आता मलपृष्ठावर 'गे कादंबरी' असं लिहू का? लिहिलं तर बाकीचे हात लावत नाहीत, नाही लिहिलं तर ज्यांना हवंय त्यांना सापडत नाही.

रातकिडा: पहिलीवर बिनधास्त लिहा. रहस्यकथेवर खून कुणाचा झाला ते लिहा ना, डिटेक्टिव्ह घरी कोणासोबत राहतो ते कळेलच की वाचताना.

कोरापान: मला लेबलचं काही नाही, पण शेवटी कोणीतरी मरणारच असेल तर आधीच सांगा, फार वाचलंय तसलं. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' ही गे प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, सुखान्त हवाच म्हणून अडून बसला, आणि छापून आली १९७१ ला, तो गेल्यावर. एवढी वर्षं झाली तरी आपले लेखक अजून नायकाला मारतातच!

शाईबोट: @कोरापान म्हातारा वाचतो, शप्पथ. रहस्यकथेत पहिल्याच प्रकरणात एक जातो, पण तो स्ट्रेट आहे 😄