मामांच्या कांदाचाळीचा फोटो 'साठेबाज' म्हणून छापला, दुरुस्ती कशी मागायची?

निफाडची_भाची:
नमस्कार मंडळी, मी नाशिकला इंदिरानगरला राहते, मामा निफाड तालुक्यात शेती करतात. मागच्या महिन्यात एका पेपरात कांद्याच्या भाववाढीची बातमी आली, पहिल्या पानावर, हेडिंगमध्ये मोठ्या अक्षरात 'साठेबाज' आणि खाली फोटो आमच्या मामांच्या चाळीचा!! चाळीवर त्यांचं नाव रंगवलेलंय ते स्पष्ट वाचता येतं. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढायचा, चाळीत भरायचा आणि दिवाळीपर्यंत थोडाथोडा विकायचा, हे आपल्याकडं सगळेच शेतकरी करतात ना, ती साठेबाजी कशी झाली? मामांना कुणी साधा फोन पण केला नाही. ऑफिसला गेलो तर म्हणे फोटो प्रातिनिधिक होता. मग चार दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळी, त्यात ना मामांचं नाव ना काय चुकलं ते. वेबसाइटवर तर बातमी अजून तशीच आहे. मामा मार्केटला जायचं टाळतात आता, मुलाला पाठवतात. आमच्या घरी कित्येक वर्षं तोच पेपर येतो, त्यांच्याशी भांडायचं नाहीये, फक्त नीट दुरुस्ती हवीय. कोर्टात न जाता काय करता येईल?

डेस्कवाला:
ताई, मी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानं लावतात तिथं, काम केलंय. तोंडी सांगून काही होत नाही, रिपोर्टर म्हणतो फोटो माझा नाही, डेस्क म्हणतं फोल्डरमध्ये होता तो लावला, आणि रात्री पान सोडायच्या घाईत हा फोटो कुठला कधीचा हे विचारायचं राहूनच जातं. मी पण केल्यात अशा चुका, त्याचं आजही वाईट वाटतं. पण नाव वाचता येत असेल तर तो फोटो प्रातिनिधिक नाहीच. संपादकांच्या नावाने पत्र लिहा, पेपरात तळाला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक छापलेले असतात, बातम्यांच्या निवडीला जबाबदार कोण तेही तिथेच असतं. तारीख, पान, हेडिंग, काय चुकलं आणि दुरुस्ती कुठल्या पानावर कुठल्या शब्दांत हवी ते सगळं लिहून द्या. सोबत सातबारा जोडा, पीक पाहणीत कांद्याची नोंद असेल तर माल स्वतःच्याच शेतातला हे त्यावरून दाखवता येईल. स्पीड पोस्टची पोच जपून ठेवा.

पंचवटी_४२२००३:
वरचं पत्र आधी पाठवाच, कारण प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जायचं तर संपादकाला लिहिलेलं पत्र आणि त्याचं उत्तर आलं असेल तर ते जोडावं लागतं. दैनिकाविरुद्ध तक्रार बातमी छापल्यापासून २ महिन्यांच्या आत करायची असते, तुमचा एक महिना गेलाय म्हणजे घाई करा. फी नाही, वकील लागत नाही, फक्त या विषयावर कोर्टात केस चालू नाही असं लिहून द्यावं लागतं. कौन्सिलच्या आचारसंहितेत छापण्याआधी खात्री करणं आणि दुरुस्ती ठळकपणे छापणं दोन्ही आहे, तेच मुद्दे धरा.

सिडको_वाचक:
मला नाही वाटत काही होईल. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात कौन्सिलला ताकीद द्यायचा, निषेध नोंदवायचा अधिकार आहे, दंड करता येत नाही. २००९ च्या निवडणुकीत आपल्याच महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण गाजलं, कौन्सिलच्याच दोन सदस्यांनी पेपरांची नावं घेऊन ७१ पानी अहवाल दिला, पण २०१० मध्ये कौन्सिलने तो पूर्ण बाहेर येऊ दिला नाही, २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो लोकांना दिसला. मग विश्वास ठेवायचा कुणावर?

पंचवटी_४२२००३:
@सिडको_वाचक राग बरोबर आहे तुमचा, पण चौकशीत काय निघालं ते त्याच पेपरात छापायला लावायचा अधिकार त्याच कायद्यात आहे. मामांना पैसे नकोयत, नाव साफ करून हवंय, त्यासाठी हे उपयोगाचं आहे. आणि ताई, वेबसाइटसाठी वेगळा मेल करा, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, लिंकसकट, नंतर बातमी गुपचूप बदलली तर पुरावा राहत नाही.

निफाडची_भाची:
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र मामांनी स्वतःच लिहायला घेतलंय, म्हणाले पहिल्या पानावर आणि नावानिशी, एवढं दोनदा लिहितो. पेपरचा मूळ अंक रद्दीत गेला होता, शेजारच्यांकडे मिळाला. सातबारा उद्या काढते आणि परवा पोस्टात टाकते, उत्तर आलं की इथेच टाकेन.