प्रतिसाद: सरासरीवरचं प्लॅनिंग आणि सिम्युलेशन

वर म्हटलंय की एक्सेलमध्ये सरासरी टाकून कारखान्याचा प्लॅन केला की पुरतं, सिम्युलेशन (म्हणजे कॉम्प्युटरवर कारखान्याचं मॉडेल चालवून काय होईल ते बघणं) मोठ्या कंपन्यांनीच करावं. मला हे अजिबात पटत नाही, कारण खरी गोची सरासरीतच आहे. मशीनचा लोड, म्हणजे मशीन किती वेळ कामात गुंतलंय ते, ९०% वरून ९५% वर गेला तर एक्सेलला पाचच टक्के दिसतात पण मशीनपुढे थांबलेल्या जॉबची रांग जवळपास दुप्पट होते, कारण ब्रेकडाऊन, सेटिंग, उशिरा आलेला माल हे काही सरासरीने येत नाही ना, कधीही येतं आणि एकावर एक येतं.

टोयोटाचंच बघा. १ फेब्रुवारी १९९७ ला त्यांचा सप्लायर आयसिनच्या कारिया प्लांटला आग लागली, ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व जवळपास सगळा तिथूनच यायचा, आणि टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाईन्स काही दिवस बंद पडल्या. स्वस्त पार्ट, पण धोका सगळ्यात मोठा! नंतर फोर्डने एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या प्रोफेसर सिमची-लेवींबरोबर हाच प्रश्न मॉडेलमध्ये घातला, की सप्लायर बंद पडला तर सावरायला किती दिवस लागतील आणि तोवर आपण किती दिवस तग धरू. तग कमी नि सावरायला वेळ जास्त, तिथे स्टॉक ठेवायचा किंवा दुसरा सप्लायर.

छोट्या वर्कशॉपलासुद्धा हे जमतं हो, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली सिमपाय ही सिम्युलेशनची लायब्ररी फुकट आहे. फक्त ब्रेकडाऊनच्या नोंदी खऱ्या लिहा, आधी तीन महिने तेवढंच करा.