तमनारची लाइन आधी की विजेची बचत आधी?

कुळागर:
गोव्याची जवळपास सगळी वीज बाहेरून येते, त्यातली बरीचशी कोळशाची. बाहेरून वीज आणणाऱ्या तमनार प्रकल्पाच्या, मोल्याच्या रानातून जाणाऱ्या ४०० केव्ही लाइनवर एवढं आंदोलन पेटलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुन्या २२० केव्हीच्या मार्गाने न्यायला सांगितली. पण मागणीच कमी करा, असं कोणताच पक्ष म्हणत नाही. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. एकाच वेळी फिरणारे एक लाख पंखे बदलले तर संध्याकाळच्या भारातून साडेचार मेगावॉट कमी. हवामान धोरणाचा पहिला पैसा इथे जायला हवा. जात नाही, कारण सबस्टेशनच्या कोनशिलेवर मंत्र्याचं नाव लागतं. घराघरांत विखुरलेली बचत कोणाच्याच नावावर जमा होत नाही.

तीनफेज:
भाई, दीड टनी एसी पूर्ण भारावर दीड किलोवॉटच्या आसपास घेतो. म्हणजे नवा एक एसी ३३ पंख्यांची बचत गिळतो. डिसेंबरात कळंगुट-कांदोळी पट्ट्यात काय चालतं ते बघा. शिवाय एक लाइन पडली तर वीज आणायला दुसरी लाइन हवीच. बचतीने ट्रिपिंग थांबत नाही. बचतीचं नाव पुढे करून पायाभूत कामं लांबवणं हेही राजकारणच.

कुळागर:
मग एसीलाच हात घाला. पर्यटकांना दिलेल्या फ्लॅटात बिल मालकाचं, रिमोट पाहुण्याच्या हाती. चावीच्या खाचेत कुठलंही कार्ड सरकवून, एसी चालू ठेवून पाहुणा समुद्रावर जातो. बाल्कनीच्या दाराला मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट, म्हणजे दार उघडं आहे हे ओळखणारा स्विच बसवा, तो युनिटच्या ड्राय कॉन्टॅक्टला, म्हणजे बंद-चालूचा इशारा घेणाऱ्या जोडणीला जोडा, म्हणजे दार उघडं राहिलं की एसी थांबेल; मेन सप्लाय तोडू नका. दोन मिनिटांचा उशीर ठेवा, नाहीतर माणूस आत-बाहेर करेल तसा कॉम्प्रेसर बंद-चालू होत राहील.

खारेवारे:
देखभालीबद्दल दोघेही गप्प! स्टार लेबल नव्या युनिटचं असतं. किनाऱ्यावरची खारी हवा कंडेन्सरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटमधल्या कॉइलच्या फिन्स (पातळ पत्र्या) खाते; त्या भुगा झाल्या की पाच स्टारला अर्थ उरत नाही. कोटिंगवाली कॉइल घ्या, नियमित गोड्या पाण्याने धुवा, पण कमी दाबाने. जेट मारला की फिन्स वाकून वारा अडतो. लहान खोलीत दोन टनी एसी लावू नका. खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, दमटपणा तसाच राहतो आणि पाहुणा १८ वर नेतो. गच्चीला पांढरा रंग द्यायला सांगणाऱ्यांनी इथला पाऊस बघावा. शेवाळ चढून तो काळा पडतो, दर पावसाळ्यानंतर घासावा लागतो. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर बाजू मोकळ्या ठेवा.

तीनफेज:
हे पटलं. पण वीज खातं लहान घरांना स्वस्तात वीज देतं आणि हॉटेलं-कारखान्यांकडून भरून काढतं. जास्त दर देणारं गिऱ्हाईक कमी वीज घेईल, असं खातं मनापासून करेल का?

कुळागर:
म्हणून हे काम खात्यावर सोडू नका. घरं कमी तापावीत म्हणून केंद्राने केलेली इको निवास संहिता २०१८ पासून आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली आहे. बांधकाम परवान्यालाच ती अट जोडा.

तीनफेज:
आणि तपासणार कोण? नकाशात खिडकीवर सावलीचा सज्जा दाखवतात, बांधताना गाळतात, काच वाढवतात. पंचायत सचिवाकडे हे मोजायला ना माणूस ना साधन. आधी त्या जागा भरायला लावा, मग अटीचं बोला.