भीती वाटते म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

पिंपरी_वाचक (प्रश्न)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. माझे माहेर नगर जिल्ह्यातले, तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती घर. लग्नानंतर पिंपरीत असते. गेल्या वर्षी आई स्तनाच्या कर्करोगाने गेली आणि तेव्हापासून आपल्यालाही तेच होणार ही भीती मनात ठाण मांडून बसली आहे. रात्री मध्येच जाग येते, छाती धडधडू लागते आणि मी अंधारातच काखेतल्या व जबड्याखालच्या गाठी चाचपू लागते. इतक्या वेळा, की तिथली कातडी हुळहुळी झाली आहे. तपासण्या केल्या, त्यांत काही निघाले नाही, पण तो दिलासा चार दिवसही टिकत नाही.

मी ज्या प्रार्थनागटात जाते तिथे मला सांगण्यात आले, की तू राजाधिराजाची कन्या आहेस, भीतीला तुझ्यावर हक्क नाही, असे रोज मोठ्याने म्हण. मी म्हणत राहिले. भीती गेली नाही, तेव्हा ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ हे योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन दाखवून, तुझी प्रीती अपुरी असावी किंवा तू कुठेतरी सैतानाला दार उघडून दिले असावेस, असे सुचवण्यात आले. त्यामुळे आजाराच्या भीतीत आता दुसरीच भर पडली आहे: मी खरोखर देवाची आहे की नाही? गटाशी मला भांडायचे नाही. देवाचे लेकरू ही माझी ओळख खरी असेल, तर भीतीच्या वेळी ती नेमके काय करते, एवढेच कोणी समजावून सांगावे.

निवृत्त_गुरुजी, अहिल्यानगर

ताई, सलाम. ज्या वचनाने तुम्हांला घाबरवले गेले त्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते अर्धेच वाचले गेले आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातली १७वी आणि १८वी ओवी सलग वाचा. सतराव्या ओवीत न्यायाच्या दिवसाची गोष्ट चालली आहे, आणि अठराव्या ओवीत भीतीचा संबंध शिक्षेशी जोडला आहे. म्हणजे ‘देव मला टाकून देईल, शिक्षा करील’ ही भीती प्रीती घालवून देते, असे योहान म्हणतो. आईचे दुखणे जवळून पाहिलेल्या मुलीच्या पोटात रात्री जो गोळा उठतो, त्याविषयी तो तिथे काहीच म्हणत नाही. जी भीती घालवण्यासाठी हे वचन लिहिले गेले, नेमकी तीच भीती ते वापरून तुमच्या मनात निर्माण केली गेली, याचे मला वाईट वाटते आणि खरे सांगायचे तर थोडा रागही येतो.

प्रेषित पौलाचे, बायबलमधलेच, फिलिप्पैकरांस पत्र घ्या. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे आपण भिंतीवर लावतो ते त्याच्या चौथ्या अध्यायातले. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा सोबती मरणाच्या दारातून परत आल्याचे पौल लिहितो आणि देवाने आपल्यावरही दया केली, नाही तर दुःखावर दुःख झाले असते, अशी कबुली देतो. करिंथकरांना तर तो सरळच सांगतो, की बाहेर भांडणे होती आणि आत भीती. ही वाक्ये भिंतीवर लावलेली मी अजून कोणाच्या घरी पाहिली नाहीत.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सापडते (ओव्या १४ व १५). मरणाच्या भयाने जे जन्मभर दास्यात होते त्यांना सोडवण्यासाठी ख्रिस्त रक्तमांसाचा झाला, असे तिथे म्हटले आहे. सुटका दास्यातून आहे, हे ध्यानात घ्या. भीती येऊन दार ठोठावणार. पण तिने तुमचा दिवस ठरवावा, तुम्हांला मुलांपासून, मंडळीपासून आणि जेवणापासून तोडावे, ही तिची मालकी ख्रिस्ताने मोडली आहे. यशयाच्या ४३व्या अध्यायात ‘भिऊ नको, तू माझा आहेस’ असे सांगून देव लगेच पुढे ‘तू जलांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन’ असे म्हणतो. पाणी लागणारच नाही, असे वचन त्याने दिलेले नाही.

आपल्याच मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. तरुणपणी दुष्काळात वणवण करताना त्यांनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी उमगले, असे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. इतक्या विद्वान बाईला जिथे वर्षे लागली, तिथे तुम्ही स्वतःला एका वर्षात नापास करू नका. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबायांना घेऊन आल्या आणि केडगावच्या ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमाचे काम त्यातून वाढले. लहानपणीच्या उपासमारीच्या आठवणी पुसल्या गेल्या म्हणून त्या गेल्या नाहीत. त्या आठवणींनीच त्यांना स्वस्थ बसू दिले नाही.

साक्षीदार_७, छत्रपती संभाजीनगर

गुरुजींचा मान राखून थोडी वेगळी बाजू मांडते. आपण कोण आहोत हे शास्त्रातून मोठ्याने म्हणणे ही टाकाऊ गोष्ट नाही. बायबलमध्ये ‘भिऊ नका’ हे ३६५ वेळा, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा, आले आहे. ते काय उगीच? माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहणारे होते. पाटलाची भीती, सावली पडण्याची भीती, देवी कोपेल ही भीती, अशा भीतीतच त्यांच्या अनेक पिढ्या गेल्या होत्या. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी पेत्राच्या पहिल्या पत्रातले ‘तुम्ही पूर्वी लोक नव्हता, पण आता देवाचे लोक आहात’ हे वचन पाठ केले होते आणि चावडीवर बोलावणे आले की ते पुटपुटत जायचे, असे आजी सांगायची. त्या ओळखीने आमच्या घराण्याचा कणा ताठ केला. म्हणून ताईंनी ही कबुली, म्हणजे आपली ओळख मोठ्याने म्हणणे, सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त_गुरुजी, अहिल्यानगर

पणजोबांची गोष्ट लाखमोलाची आहे आणि तिच्याशी माझा काडीचाही वाद नाही. ३६५ चा आकडा मात्र सोडून द्या. तो संदेशांतून फिरतो, पण मोजायला बसले तर भरत नाही, आणि वचन खरे ठरायला त्याची गरजही नाही. एक गोष्ट मात्र पाहा. पेत्राने ते वाक्य पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया येथे पांगलेल्या लोकांना मिळून लिहिले आहे, ‘तुम्ही’ असे म्हणून. पणजोबांनाही ते कोणीतरी वाचून दाखवले असणार, आणि ते ऐकताना त्यांच्या बाजूला त्यांच्यासारखेच आणखी लोक बसलेले असणार. ताई मात्र रात्री एकट्या, स्वतःच स्वतःला ते सांगत आहेत आणि ते लागू पडले की नाही हेही स्वतःच तपासत आहेत. ओळख ही आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून मिळते. बाप्तिस्म्याच्या वेळीसुद्धा आपले नाव पाळक उच्चारतात, आपण नाही. तुमची कबुली दुसऱ्या कोणाला तरी तुमच्यासाठी म्हणू द्या.

वॉर्डातली_सिस्टर

मी परिचारिका आहे, म्हणून फक्त माझ्या कामापुरते लिहिते. जवळच्या माणसाचा कर्करोग पाहिल्यावर स्वतःच्या शरीराविषयी अशी सततची धास्ती बसणे, हे आम्ही नेहमी पाहतो. चाचपण्याने क्षणभर बरे वाटते, म्हणून पुन्हा चाचपावेसे वाटते, आणि सतत दाबल्याने ती जागा दुखू लागली की त्याचीच नवी शंका येते. यावर समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने चांगला गुण येतो. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तोवर १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आईला तो आजार होता हे स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा आणि कोणती तपासणी किती काळाने करायची हे त्यांच्याकडून ठरवून घ्या, म्हणजे ते रोज रात्री तुम्हांला ठरवावे लागणार नाही. मधुमेहाची गोळी घेताना आपला विश्वास कमी पडला असे कोणी म्हणत नाही. ही गोळीही तशीच घ्यावी.

वसईकर_वाडीवाला

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी भाषा थोडी वेगळी वाटेल. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) आमच्याकडे पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या भाकरीसमोर, लोक पाळीपाळीने जागत बसतात. कोणी वाडीतून काम आटोपून थेट आलेले असते, कोणी जपमाळ घेऊन पेंगत असते. अटक होण्यापूर्वी गेथशेमाने बागेत येशू अतिशय व्याकूळ झाला होता आणि ‘इथे राहा व जागे राहा’ असे त्याने तीन शिष्यांना विनवले होते, त्याची ती आठवण असते. मार्कने त्या रात्रीची प्रार्थना नोंदवली आहे. तिच्यात येशू देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणतो. पुत्राच्या नात्याने मारलेली ती हाक मार्कच्या शुभवर्तमानात एकदाच येते, आणि ती याच घाबरलेल्या घटकेला. पुढे पौल रोमकरांना सांगतो, की दत्तक लेकरे म्हणून आपणही त्याच शब्दाने हाक मारतो. मग भीती वाटली म्हणून तुम्ही लेकरू नाही असे जे म्हणतात, त्यांना त्या रात्रीविषयी काय म्हणायचे आहे ते विचारावेसे वाटते.

आणि येशूलाही त्या रात्री सोबत हवी होती. तुम्हांला रात्री कोणाला तरी उठवावेसे वाटले, तर संकोच करू नका.

पिंपरी_वाचक

सर्वांची ऋणी आहे. सतरावी ओवी आजवर कोणी माझ्यासमोर वाचलीच नव्हती. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आत्याला फोन करून थोडे दिवस राहायला बोलावले आहे. तिने कारणही विचारले नाही, ‘येते’ म्हणाली. गटाला काय सांगायचे ते अजून ठरत नाही. वसईकर दादा, रात्री जाग आल्यावर म्हणण्यासाठी तुमच्याकडे काही ठरलेले आहे का? स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला गेले की मी पुन्हा गाठींवरच येऊन पोहोचते.

वसईकर_वाडीवाला

आहे. चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत रविवारी ९१वे स्तोत्र असते, ‘परात्पराच्या गुप्त स्थली’ राहणाऱ्याचे. ते तुम्हांला पाठ असेलच. शुक्रवारी ८८वे असते. त्यात रडणे, तक्रार, मरणाची धास्ती सगळे आहे आणि शेवटपर्यंत दिलाशाची एकही ओळ नाही, तरी चर्चने ते दर आठवड्याला म्हणायला ठेवले आहे. ज्या रात्री ९१वे तोंडातून निघणार नाही त्या रात्री ते म्हणा. आत्या असतील तर एक ओळ त्यांनी आणि एक तुम्ही, अशी आळीपाळीने म्हणा, म्हणजे पुढची ओळ यायची वाट पाहावी लागते आणि हात मानेकडे जात नाही. गटाला लगेच काही सांगण्याची घाई करू नका. आधी डॉक्टरांकडे जाऊन या.